शब्दचर्चा : ‘नैमित्तिक वांशिकता’ चालेल का?

प्रश्न :
हर्बर्ट गॅन्स या समाजशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलेल्या ‘सिम्बॉलिक एथ्निसिटी’साठी मराठी शब्द हवा आहे. अमेरिकेत येऊन स्थायिक झालेल्यांची तिसरी-चौथी पिढी हा तिचा विषय. पणजोबा आयर्लंडहून आलेले. आता ना ती भाषा येत, ना वस्ती एकत्र, ना लग्न आपल्यांतच करायचं बंधन. पण १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, हिरवा सदरा अंगात चढतो आणि माणूस दिवसभर आयरिश असतो. शिकागोत तर १९६२पासून या सणाला नदीच हिरवी करतात. सण सरला की सदरा कपाटात.

‘प्रतीकात्मक’ मला खटकतो. ‘लाक्षणिक उपोषण’ म्हटलं की जसं नावापुरतं वाटतं, तसंच याचं होतं. गॅन्स त्या भावनेला खोटं म्हणत नाहीत. अभिमान खरा असतो, फक्त त्याला रोजच्या जगण्यात जागा द्यावी लागत नाही. म्हणून ‘नैमित्तिक’ सुचला.

उत्तर १ :
‘नैमित्तिक’ आवडला. अडचण ‘वांशिक’ची आहे. वंश म्हटलं की रक्त आणि वर्ण आधी डोळ्यांपुढे येतात, आणि मूळ देश, भाषा, रीतिरिवाज मागे पडतात. ‘मूळओळख’ म्हणून पाहा.

उत्तर २ :
धर्मशास्त्रात कर्मं तीन : नित्य, नैमित्तिक, काम्य. नैमित्तिक म्हणजे मनात आलं तर करायचं, असं नव्हे. ग्रहण क्वचित लागतं, पण लागलं की स्नान चुकत नाही. इथे तर सगळी मर्जी आहे. आजोबा इटालियन आणि आजी पोलिश असेल, तर कोणाचं नाव सांगायचं तेही आपणच ठरवायचं. समाजशास्त्रज्ञ मेरी वॉटर्स यांनी १९९० साली यासाठी ‘ऑप्शन’ हाच शब्द वापरला, आणि बजावलंही की ही मुभा गोऱ्यांना आहे. काळ्या अमेरिकनाला आपली ओळख सणापुरती बाहेर काढून परत ठेवता येत नाही. लोक ती रोज त्याच्या कातडीवर वाचतात. तेव्हा ‘ऐच्छिक’ म्हणा.

प्रश्नकर्ती :
काळ्यांबद्दलचा मुद्दा मोलाचा, तो माझ्या टिपणात नव्हता. पण ‘ऐच्छिक’मध्ये अधूनमधून, दिवस पाहून, हा अर्थ येत नाही. शिवाय आजच्या बोलण्यात ‘नैमित्तिक’मधली सक्ती उरलेली नाही. नैमित्तिक रजा घ्यायलाच हवी, असं कोणी समजत नाही. गॅन्ससाठी ‘नैमित्तिक मूळओळख’ लिहिते, वॉटर्ससाठी ‘ऐच्छिक’ ठेवते.