‘वाचाघात’ म्हणजे नेमके काय गेले?

प्रश्न : पक्षाघातानंतर बोलणे बिघडले की सर्रास ‘वाचाघात’ म्हटले जाते. शब्द न सुचणे, जीभ जड होणे आणि उच्चार न जुळणे या तिन्हींना हा एकच शब्द चालेल का?

उत्तर : चालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा शब्द ‘अफेजिया’साठी वापरला जातो आणि अफेजियात हानी होते ती भाषेची. पेन समोर धरले तर रुग्ण त्याला ‘वही’ म्हणतो किंवा ‘ते... लिहायचं...’ एवढ्यावरच अडतो, आणि बहुधा लिहितानाही तसाच अडतो. ‘डिसार्थ्रिया’त मात्र शब्द मनात तयार असतो, स्नायू दुबळे किंवा बेताल झाल्याने तो अस्पष्ट उमटतो. त्याला ‘उच्चारदौर्बल्य’ म्हणता येईल.

खरी अडचण ‘अप्रॅक्सिया’ची आहे. येथे स्नायूंत बळ असते, शब्दही ठाऊक असतो, परंतु जीभ, ओठ आणि स्वरयंत्र यांच्या हालचालींची आखणी मेंदूला साधत नाही. ‘पतंग’ म्हणताना ओठ चाचपडतात, एकदा ‘तपंग’ येते, पुन्हा प्रयत्न केल्यावर ‘पगंत’. आणि तोच माणूस एक ते दहा अंक मात्र ओळीने म्हणून जाऊ शकतो, कारण ती घोटलेली साखळी असते. ‘जीभ वळत नाही’ या आपल्या वाक्प्रचारात हालचालीचे हे भान आहेच. शिवाय आपल्या व्याकरणपरंपरेत वर्णोच्चाराची ‘स्थाने’ (वर्ण मुखात कोठे उमटतो) आणि ‘प्रयत्न’ (तो उमटवताना मुखावयवांनी करायची क्रिया) सांगितलेले आहेत. त्या पारिभाषिक अर्थाने मी ‘प्रयत्नभ्रंश’ हा शब्द सुचवतो.

पुरवणी (दुसऱ्या उत्तरदात्याची) : ‘प्रयत्नभ्रंश’ मला पटला. ही सरमिसळ मात्र जुनी आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये ज्या रुग्णाचे वर्णन केले, त्याच्या तोंडून जवळजवळ ‘टॅन’ एवढेच निघत असे. त्याच्या मेंदूतील इजा डाव्या ललाटखंडात (कपाळामागील भागात), तोंडाच्या हालचाली चालवणाऱ्या पट्ट्याच्या अगदी शेजारी होती. त्यामुळे भाषा आणि उच्चार यांतले नेमके काय गेले, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

माझा आक्षेप ‘वाचा’ या घटकालाच आहे. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिर व्यक्तीच्या डाव्या मेंदूगोलार्धाला इजा झाली, तर तिच्या खुणांची भाषा बिघडू शकते, जरी त्याच हातांनी तिला इतर हालचाली नीट करता येत असल्या तरी. तिची वाचा गेली असे म्हणणे चुकीचे ठरेल. म्हणून अफेजियासाठी ‘भाषाघात’ हाच शब्द मला अधिक नेमका वाटतो.