मदत हवी आहे : भर पावसात चिऱ्याच्या गडग्यावरचं (जांभ्या दगडाच्या कुंपणभिंतीवरचं) शेवाळ कसं काढायचं? (सोसायटीची नोटीस आली आहे)

फोंडेकरीण :

नमस्कार मंडळी. गेली चार-पाच वर्षं इथे नुसती वाचते. लिहायची वेळ सोसायटीने आणली.

आम्ही गोव्यात फोंड्याजवळ रो-हाउसच्या सोसायटीत राहतो. एका रांगेत आठ, अशा तीन रांगा. परवा दाराखालून नोटीस आली : 'आपल्या घराचा दर्शनी भाग व कुंपण अस्वच्छ असल्याने संकुलाच्या सौंदर्यास बाधा येत आहे. चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) स्वच्छ करून घ्यावे, अन्यथा दंड आकारला जाईल व काम सोसायटीमार्फत करून खर्च वसूल केला जाईल.' खाली शिक्का. दंड किती, कुठल्या नियमाखाली, त्याचा पत्ता नाही.

आता खरं सांगायचं तर नोटिशीत खोटं काही नाही, घर दिसतंच तसं. पुढचा गडगा चिऱ्याचा आहे, गिलावा नाही, नुसत्या दर्जा (दगडांमधल्या सांधी) सिमेंटने भरलेल्या. जुलै सरेपर्यंत तो मखमल पांघरल्यासारखा हिरवा झाला आणि माथा तर काळा ठिक्कर. उत्तरेची भिंत शेजारच्या फणसाच्या सावलीत आहे, तिला ऊन म्हणून लागत नाही. तिच्यावर खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांतून काळे ओघळ उतरलेत, काजळ घालून कोणी रडल्यासारखे. ग्रीलखाली गंजाचे डाग ते वेगळेच. बाल्कांवच्या (दारापुढच्या ओसरीच्या) पायऱ्या इतक्या बुळबुळीत झाल्यात की गेल्या आठवड्यात सासूबाईंचा पाय सटकला. खांब हाताशी होता म्हणून वाचल्या. तेव्हा नोटीस आली नसती तरी मी काहीतरी करणारच होते.

यजमान बोटीवर आहेत, डिसेंबरात येतील. त्यामुळे जे करायचं ते मी आणि आठवीतला मुलगा.

आतापर्यंतचे उद्योग : एका चिऱ्यावर तारेचा ब्रश मारून पाहिला. हिरवं गेलं, पण चिऱ्याची लाल भुकटीही निघाली. आता तो एकच चिरा खरचटलेल्या गुडघ्यासारखा दिसतो. पाण्याच्या प्रेशरचं मशीन घेऊन फिरणारा एकजण येऊन गेला, पण दोन घरं सोडून राहणाऱ्यांनी गेल्या वर्षी तेच करून घेतलं होतं. त्यांच्या दर्जा ठिकठिकाणी उडाल्या आणि यंदा त्यांचा गडगा आमच्यापेक्षा हिरवा आहे. वरच्या बाजारातल्या हार्डवेअरवाल्याने ॲसिडची बाटली हातात दिली. ती तशीच बंद ठेवली आहे, धीर होत नाही.

तर या दिवसांत, दगडाची वाट न लावता, हे निघेल का? काळे ओघळ कशाचे? आणि सोसायटी असा दंड खरंच लावू शकते का?

पाऊसवेडा :

शंभर इंच पाऊस पडतो हो आपल्याकडे! ढगांनाही एक नोटीस काढायला सांगा कमिटीला.

फोंडेकरीण :

हसले. पण ढग मेंटेनन्स भरत नाहीत, मी भरते.

चिरेखाण :

ताई, बांधकामात पंचवीस वर्षं गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी ॲसिड परत करून या. चिऱ्यात लोह असतं, त्याचा लाल रंग त्याचाच. ॲसिडने शेवाळ जाईल, पण रंग उतरेल आणि दर्जांमधलं सिमेंट खाल्लं जाईल. तारेचा ब्रश आणि प्रेशर मशीन यांचा अनुभव तुम्हाला आलाच आहे. चिऱ्याची वरची साल एकदा गेली की आतला भाग जास्त सच्छिद्र, तो पाणी जास्त धरतो. शेजाऱ्यांचा गडगा म्हणूनच यंदा जास्त हिरवा.

काळं दिसतं तेही बहुतेक शेवाळाचंच भावंड. ओलं असताना हिरवट, वाळलं की काळं. घासून वरचं निघतं, छिद्रांतलं राहतं आणि आठ दिवसांत पुन्हा हजर. म्हणून आधी मारायचं, मग काढायचं. मारायला विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर पुरते. पुडी ताजी आणि घट्ट बंद हवी. दमट हवेत उघडी राहिलेली पावडर म्हणजे नुसता चुना. प्लास्टिकच्या बालदीत १० लिटर पाण्याला २०० ते २५० ग्रॅम घाला, काठीने ढवळा, तासभर राहू द्या. खाली पांढरा गाळ बसेल. वरची निवळ तेवढी घ्यायची, गाळ दगडावर गेला तर पांढरे पट्टे उठतात.

पावसाने तासाभराची उघडीप दिली की काम सुरू. आधी गडग्याच्या पायथ्याची झाडं साध्या पाण्याने भिजवा, तुळस-अबोलीच्या कुंड्या लांब न्या. मऊ कुंच्याने निवळ खालून वर लावत जा. वरून सुरुवात केली तर ओघळांचे डाग राहतात. पंधरा मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, मग नारळाच्या काथ्याने किंवा नायलॉनच्या ब्रशने हलकं चोळून भरपूर पाणी मारा. रबरी हातमोजे, चश्मा आणि जुने कपडे घाला. मुलाला पाण्याच्या पाइपावर ठेवा, बालदीपाशी नको.

आधी कोपऱ्यातल्या दोनच चिऱ्यांवर करून दोन दिवस थांबा.

ग्रीलच्या गंजाला ब्लीचिंग चालत नाही. ऑक्झॅलिक ॲसिडने तो निघतो, पण फक्त गिलाव्यावर. चिऱ्याला लावलंत तर गंजाबरोबर दगडाचा रंगही निघेल. आणि ते ब्लीचिंगच्या दिवशी तर मुळीच नको.

एक सांगा, खिडकीवर छज्जा आहे का? त्याच्या खालच्या कडेला खाच ठेवलेली आहे का?

सासष्टीकर :

आमच्याकडे ब्लीचिंगमध्येच थोडं टॉयलेटवालं ॲसिड घालतात. एका फटक्यात साफ.

चिरेखाण :

नको!! कोणीही हे करू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. मोकळ्या अंगणातसुद्धा छातीत जातो. साइटवर एका पोऱ्याला उचलून न्यावं लागलं होतं, डोळ्यांनी पाहिलं आहे.

सासष्टीकर :

बरं बाबा. आमचे आजवर नशिबाने वाचले म्हणायचे.

जुना सेक्रेटरी :

दंडाबद्दल. मी आमच्या सोसायटीत सहा वर्षं सेक्रेटरी होतो, तेव्हा अशा नोटिसा मीही काढल्या आहेत. (आणि शिव्याही खाल्ल्या आहेत.)

सोसायटी गोवा सहकारी संस्था कायदा २००१ खाली नोंदलेली असेल तर तिचे उपविधी (संस्थेचे स्वतःचे नियम) असतात, ते निबंधकांकडे नोंदलेले असतात. तुम्ही सभासद आहात, प्रत मागा. दंडाची तरतूद उपविधीत आहे का, ती आणायला सर्वसाधारण सभेने ठराव केला होता का, हे दोन प्रश्न लेखी विचारा. कमिटीच्या मनात आलं म्हणून दंड, असं चालत नाही. बिल्डरने अजून सोसायटी नोंदवलीच नसेल आणि नुसता मेंटेनन्स गोळा होत असेल, तर विक्रीखतात काय लिहिलंय तेच बघावं लागेल.

दुसरं, आणि हे कमिटीत बसलेला माणूस म्हणून सांगतो, भांडणाच्या सुरात पत्र लिहू नका. 'शेवाळ आता काढते, रंग पाऊस गेल्यावर देते' अशी तारीख घालून द्या, फोटो जोडा, पोच घ्या. बहुतेक कमिट्यांना तेवढंच हवं असतं. ओल्या भिंतीवर आत्ता रंग दिला तर दिवाळीपर्यंत फुगे येऊन पोपडे निघतील, हे त्यांनाही कळतं. सगळ्यांची घरं इथेच आहेत.

आणि गडगा नक्की तुमचाच आहे ना? रस्त्याकडचा असला तर काही ठिकाणी तो सामाईक धरतात.

फोंडेकरीण :

सगळ्यांचे आभार. गडग्याचा प्रश्न डोक्यातच आला नव्हता. कागद बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, सोमवारी काढते.

चिरेखाणदादा, छज्जा आहे, खाच नाही. खाली हात फिरवून पाहिला, सपाट आहे.

चिरेखाण :

मग तेच. पाणी छज्ज्याच्या कडेवरून सुटून पडायचं, ते खालून आत सरकतं आणि भिंतीवरून उतरतं. गवंडी बोलावून खालच्या कडेला बोटभर खाच पाडून घ्या, किंवा ॲल्युमिनियमची पट्टी बाहेर डोकावेल अशी बसवा. हे केल्याशिवाय रंगाला पैसे घालू नका. चिऱ्यावर चकचकीत वार्निश मारायला कोणी सांगेल, ते नको. ओल आत अडकते, पापुद्रे सुटतात. पाणी न शोषणारं पण दगडाला श्वास घेऊ देणारं सिलेन-सिलॉक्सेनचं द्रावण मिळतं. ते दगड पुरता वाळल्यावर, जानेवारीच्या सुमाराला.

फोंडेकरीण :

आठवड्याने परत आले.

दोन चिऱ्यांवर करून पाहिलं. पहिल्या दिवशी काहीच वाटलं नाही, म्हटलं पावडर शिळी. दुसऱ्या दिवशी हिरवं पिवळं पडलं आणि काथ्याने अलगद सुटलं. खालचा चिरा लाल! मग उघडीप बघून बघून तीन दुपारी काढल्या. गडगा झाला, पायऱ्या झाल्या. पायऱ्यांवर सासूबाई स्वतः दोनदा चढून-उतरून बघून गेल्या. एक जास्वंद मात्र गेली, भिजवायची राहिली होती.

उत्तरेची भिंत अजून तशीच आहे. शिडीवर मुलाला चढवणार नाही आणि मीही चढणार नाही. पत्र दिलं, नोव्हेंबरअखेरची तारीख घातली, पोच मिळाली. सोबत उपविधीची प्रत मागितली तर सेक्रेटरी म्हणाले, 'शोधून देतो वहिनी.' अजून शोधतायत. दंडाचा विषय मात्र तेव्हापासून कोणी काढलेला नाही.

आता राहिला फणस. चार फांद्या उतरवल्या तर भिंतीला सकाळचं ऊन लागेल. पण शेजारच्या काकी दर उन्हाळ्यात त्याच फांद्यांचे गरे आम्हाला पाठवतात. त्यांच्याकडे हा विषय कसा काढायचा, ते कोणी सुचवाल का?

जुना सेक्रेटरी :

चवथीची करंजी घेऊन जा. आणि फांद्या कोणत्या तोडायच्या ते त्यांनाच ठरवू द्या.