पत्र्यावर रात्री कोण चालतं?

चोपडेकर: आमचं घर पत्र्याचं, मागे केळी. मे लागल्यापासून रोज दिवेलागणीनंतर वर टक्... टक्-टक्. आजी म्हणते, आजोबा पाण्याची पाळी बघायला निघाले. बॅटरी घेऊन दोनदा शिडी चढलो. साधी मांजरही नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र आजोबा गायब! काय भानगड असेल?

रावेरचा_भाऊ: भो, दिवसभर तापलेला पत्रा आखडतो. दहा फुटी लोखंडी पत्रा 30 अंशांनी निवला की साधारण 1 मिलिमीटर कमी होतो. हुकाशी अडकून राहतो, मग झटक्यात सुटतो. तोच टक्. पावसाळ्यात तेवढा तापतच नाही. उद्या सहालाच पत्र्यावर पाणी मार आणि ऐक.

भुसावळची_ताई: आवाज सुटे असतात, त्यांची पावलं आपण करतो. ढगात हत्ती दिसतो तसंच. आजीच्या कानाला ती चाल ओळखीची, म्हणून तिला आजोबाच ऐकू येणार. (मला तर फ्रिजचा आवाजसुद्धा सासूबाईंच्या खाकरण्यासारखा वाटतो.)

चोपडेकर: मारलं पाणी. पाच मिनिटांत टक्-टक् सुरू, तेही भर उजेडात! धावत आजीला सांगितलं. म्हणाली, "त्यास्ले तहान लागनी व्हती."