गच्चीवरचा पिक्चर

परांजपे (ए-२०३): शनिवारी गच्चीवर मुलांना रक्तपिपासूचा पिक्चर कुणाच्या परवानगीने दाखवला? चिरंजीव रात्री एकटा बाथरूमला जात नाही. कमिटीने उत्तर द्यावे.

साठे काका: अहो ताई, १९२२ चा मूकपट, 'नोस्फेरातू'. किंकाळीसुद्धा ऐकू येत नाही.

परांजपे: नखं दिसतात ना.

कदम (ए-१०२): जिन्यातला दिवा बंद आहे. मुलं अंधाराला घाबरतात.

मयूर: सांगा त्याला, उन्हात मरतो तो. शाळेत बिनधास्त जा 😄

साठे काका: उन्हाचं ते याच पिक्चरने आणलं. स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युला भरदिवसा लंडनमध्ये फिरतो, फक्त शक्ती कमी होते. हक्क न घेता पिक्चर काढला म्हणून स्टोकरच्या पत्नीने कोर्टात खेचलं, प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. नशीब, काही वाचल्या.

मयूर: म्हणजे विनापरवाना काढलेला पिक्चर विनापरवाना दाखवला 😂

सेक्रेटरी: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरता वापरावा 🙏

कदम: पुन्हा टाकतोय. जिन्यातला दिवा.

लीला आजी: परकी भुतं कशाला? आपला वेताळ काय वाईट होता?

साठे काका: आजी, विक्रमाचा वेताळ रक्त पीत नाही. प्रेतात शिरतो, खांद्यावर बसतो आणि गोष्टी सांगून कोडी घालतो.

लीला आजी: गोष्टी सांगून बेजार करणारे सोसायटीत आहेतच.

साठे काका: समजलं.

डॉ. नाईक: मुलाला शास्त्र सांगा. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात थडगं उघडलं, प्रेताच्या तोंडाशी रक्त! कुजताना पोटात वायू साठून लालसर द्रव वर येतो. कातडी आक्रसते म्हणून नखं वाढल्यासारखी वाटतात. १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसाने ही उकराउकर बंद केली.

परांजपे: डॉक्टर, तो माझ्याच फोनवर वाचतोय. आता जेवतही नाही.

मयूर: त्याला चीनचा च्यांगशी सांगा. अंग ताठ, उड्या मारत येतो. सिनेमात श्वास रोखला की त्याला माणूस सापडत नाही, कपाळावर मंत्राचा पिवळा कागद चिकटवला की गप्पगार.

परांजपे: हसला एकदाचा. पण विषय मिटला असं कमिटीने समजू नये.

कदम: तिसऱ्यांदा. जिन्यातला दिवा.

सेक्रेटरी: कदमसाहेब, आपला मेंटेनन्स थकला आहे. ग्रुपवर बोलायला लावू नका.

कदम: बघा, कोण कुणाचं रक्त पितंय.

मयूर: 🧄🧄

सेक्रेटरी: यापुढे पिक्चर कमिटी ठरवेल.

साठे काका: मग १९३१ चा 'ड्रॅक्युला' ठेवा, लुगोसी या नटाचा. बोलपट आहे.

परांजपे: काका!!!