अर्जंट मदत हवी आहे: पक्षीण पिल्लाला पिसं भरवतीय, पिल्लू जगेल का?

विजापूररोडकर:
तलावावर सकाळी फिरायला जातो, तिथं काठाजवळच्या गवतात एक पक्षीण आहे, पिल्लं तिच्या पाठीवर बसतात. आज समोरच बघितलं, तिनं स्वतःच्या छातीजवळचं बारीक पीस चोचीनं उपटलं, पाण्यात बुडवलं आणि मान मागं वळवून पिल्लाच्या चोचीत दिलं. पिल्लानं गिळलं पण! लगेच दुसरं दिलं. पोटात पिसं साठून मरणार ना ते? पाण्यात उतरून पिल्लं काढायची का? ओळखीचा एकजण थर्माकोलचा तराफा द्यायला तयार आहे. लवकर सांगा प्लीज.

शेंगाचटणी:
कुठला तलाव? कुठला पक्षी? सोलापूरला सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, हिप्परगा तलाव, सगळीकडं पक्षी आहेत. फोटो टाका की.

विजापूररोडकर:
विजापूर रोडला दुसरा कुठला तलाव आहे, कंबर तलावच. फोटोत काही कळत नाही, लांबचा आहे. छोटं तपकिरी बदक आहे. करायचं काय ते सांगा ना.

गळवाला_अण्णा:
पीस नाही ते, तंगूस असणार, गळाची नायलॉनची दोरी. लोक तुटलेली तंगूस काठावरच टाकून जातात, हिप्परग्याला एका बगळ्याच्या पायातनं मी स्वतः सोडवलीय, पाय पार कापला होता. १९२६ ला फोन लावा, वन विभागाची हेल्पलाइन आहे.

पाणथळ:
अण्णा, ते म्हणतायत अंगावरचं उपटून दिलं, तंगूस अंगावर उगवते का? विजापूररोडकर, एवढं सांगा: चोच चपटी का टोकदार? मानेचा रंग? पिल्लांच्या अंगावर पट्टे आहेत का? आणि तराफा अजिबात नको.

विजापूररोडकर:
टोकदार. गाल आणि मान विटकरी, चोचीच्या मुळाशी पिवळट ठिपका. पिल्लं पट्ट्यापट्ट्यांची. माणूस जवळ गेला की गुपकन बुडते आणि भलतीकडंच वर येते.

पाणथळ:
टिबुकली! बदक नव्हे, हिच्या पायाला बदकासारखा सलग पडदा नसतो, प्रत्येक बोटाला वेगळी झालर असते. या कुळातले पक्षी स्वतःची पिसं खातात आणि पिल्लांना भरवतात सुद्धा, मोठ्या तुरेवाल्या टिबुकलीत तर हे फार ठळक दिसतं. मासे अख्खे गिळतात, त्याचे काटे आणि किड्यांची टणक कवचं पचत नाहीत. पिसांचा पोटात मऊ लगदा होतो, काटे त्यात अडकतात, आतडं वाचतं असं मानतात, आणि न पचलेलं गोळी होऊन तोंडावाटे बाहेर पडतं. पिल्लाला आई मारत नाहीये, त्याच्या पोटाची सोय करतीय.

गळवाला_अण्णा:
माझ्या कोंबड्या पिसं उपटून खायच्या तेव्हा डॉक्टर म्हणाले होते प्रोटीन कमी पडतंय. खाद्य बदललं, थांबल्या. तलावात उकडलेलं अंडं कुस्करून टाकून बघायला काय हरकत आहे?

पाणथळ:
हरकत आहे अण्णा. कोंबडी खुराड्यात असते, हिला पाण्यातले किडे, बेडकाची पिल्लं, बारके मासे भरपूर आहेत. अंडी, पाव, चुरमुरे टाकले की पाणी सडतं, कुत्री आणि कावळे गोळा होतात, आणि कावळा पिल्लू सोडत नाही.

हुरडापार्टी:
विषय निघालाच आहे तर, फ्लेमिंगो बघायला उजनीला कधी जावं? पोरं मागं लागलीत.

शेंगाचटणी:
हिवाळ्यात, पाणी उतरून चिखल उघडा पडला की. नवीन धागा काढा, इथं पिल्लाचं चाललंय.

विजापूररोडकर:
पाणथळ, मग फोन पण करायचा नाही का? आणि एक पिल्लू इतरांपेक्षा बारकं आहे, त्याला पीसच मिळतंय, मासा दुसराच ओढतो.

पाणथळ:
पंख लोंबतोय, दोरा अडकलाय, मान टाकलीय असं दिसलं तरच १९२६. बारकं पिल्लू खायला मागतंय का, चोच उघडून आईच्या मागं जातंय का तेवढं लांबूनच बघा, मागत असेल तर धडपड चालू आहे. सगळीच पिल्लं जगत नाहीत, ते आपल्या हातात नाही. पण पाण्यात उतरलात तर आई बुडी मारून लांब जाईल आणि पाठीवरची पिल्लं उघड्यावर पडतील. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं पिल्लं उचलायला बंदी आहे.

गळवाला_अण्णा:
बरं, अंडं नको. पण काठावरची तंगूस तरी गोळा करू, रविवारी मी येतो, कात्री आणि पोतं आणतो.

विजापूररोडकर:
या अण्णा, मी साडेसहाला तिथंच असतो. गवताच्या बाजूला नको, पलीकडच्या काठानं सुरुवात करू.