आठच ग्रंथी तपासल्या. ‘गाठींत रोग नाही’ यावर किती विसंबावे?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ):
बाबांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नागपूरला झाली. अहवालात ‘टी३, एन०, ०/८’ असे लिहिले आहे, म्हणजे रोग आतड्याच्या स्नायूथरापलीकडे गेला आहे, पण तपासलेल्या आठपैकी एकाही लसिका ग्रंथीत (लिम्फ नोड) नाही. घरचे निश्चिंत आहेत आणि बाबांना कापूस वेचणीची घाई झाली आहे. परंतु आठ हा आकडा कमी असल्याचे एका डॉक्टरांनी सांगितले. त्याचा अर्थ काय?

उत्तर १:
किमान १२ लसिका ग्रंथी तपासाव्यात असा निकष आहे, कारण कमी ग्रंथी पाहिल्यास रोग असलेली नेमकी एखादी सुटू शकते आणि तिसऱ्या टप्प्याचा (ग्रंथींत रोग पोहोचलेला) रुग्ण दुसऱ्या टप्प्यातला समजला जातो. या ग्रंथी आतड्यालगतच्या चरबीत असतात. कित्येक ज्वारीच्या दाण्याएवढ्या, बोटांनी चाचपूनच सापडणाऱ्या. म्हणून दादा, उरलेला नमुना पुन्हा तपासता येईल का, हे पॅथॉलॉजी विभागात आधी विचारा. फॉर्मेलिनमधले (ऊती टिकवणाऱ्या द्रावणातले) नमुने कायम ठेवत नाहीत.

उत्तर २:
वरील सल्ला योग्यच आहे. संख्या वाढली नाही, तर १२ पेक्षा कमी ग्रंथी हीच एक जोखीम धरून किमोथेरपीचा विचार होतो. मात्र तत्पूर्वी एमएमआर तपासणी (कर्करोगाच्या पेशींतील डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे का, याची) करून घ्यावी, कारण या यंत्रणेत दोष आढळल्यास दुसऱ्या टप्प्यात एकट्या फ्लुरोयुरॅसिल या किमोच्या औषधाचा सहसा लाभ होत नाही. (गुदाशयाच्या कर्करोगात आधी किरणोपचार झाले असल्यास ग्रंथी कमीच मिळतात, तुमच्या बाबांचे तसे दिसत नाही.)

प्रश्नकर्ता:
नमुना अद्याप ठेवलेला आहे, असे फोनवर कळले. सोमवारच्या पहिल्या एसटीने निघतो.