झेड4 ला मागे एलएसडी टाकायचं आहे: प्लेटवालं घेऊ की गिअरवालं?

संत्रापट्टा
नमस्कार मंडळी. चांदूर बाजारजवळच्या खेड्यात राहतो. मागच्या हिवाळ्यात मुंबईहून सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड4 आणली, ई89, 35आय. 306 हॉर्सपॉवर, सगळी मागच्या चाकांना, गिअरबॉक्स डबल क्लचचा. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना आखूड वळणातून निघालो अन् ॲक्सिलरेटर दिला की आतलं चाक जागीच फिरते, डॅशवर पिवळा त्रिकोण चमकते आणि गाडी दम सोडते. पाऊस असला तर फारच.

एलएसडी, म्हणजे एक चाक फुकट फिरू लागलं तर दुसऱ्यालाही जोर पोचवणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, टाकायचं मनात पक्कं आहे. गाडी रोजच्या कामालाही वापरतो, शिवाय कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर एकदा तरी न्यायची आहे. प्लेटवालं 1.5-वे (आत घासणाऱ्या प्लेटा असतात ते) घेऊ की गिअरवालं (जे नुसत्या गिअरांवर चालते)? एक जण बीएमडब्ल्यूच्याच ई92 एम3 चं जुनं अख्खं डिफ (डिफरन्शियल) देऊन राहिला, ते सरळ बसेल का? आणि आपल्या भागात हे काम कोणाकडून करावं?

पुणे_कारंजा_अपडाऊन
माझ्या जुन्या ई46 मध्ये प्लेटवालं आहे, 1.5-वे. ट्रॅकवर त्याच्यासारखं काही नाही, वळणातून गाडी ओढून काढते. पण पेट्रोल पंपावर स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू निघालं की मागून कटकट आवाज येतो, आणि तेल लवकर बदलावं लागतं. मला चालतं, घरच्यांना नाही चालत.

हिंगणघाट_44
आधी खात्री करा की आत्ताचं डिफ ओपनच (म्हणजे साधं, एलएसडी नसलेलं) आहे. मागची दोन्ही चाकं उचला, गाडी पार्कमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा, एक चाक हातानं फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर ओपन, अडलं तर एलएसडी.

दारव्ह्याचा मिस्त्री
भाऊ, मी आधी पुण्यात रॅलीच्या गाड्या बनवणाऱ्या वर्कशॉपात होतो, डिफ खोलणं-बांधणं हेच काम. आता दारव्ह्याला ट्रॅक्टर, जीप, बोलेरो करतो. क्राऊन-पिनियनचं (डिफमधलं मोठं चक्र अन् त्याला फिरवणारा छोटा गिअर) काम मात्र सोडलं नाही, माझा जीव आहे त्यात. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी चाक काऊन फिरते ते पाहू. ओपन डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवायचा जोर) देते. वळणात गाडीचं वजन बाहेर गेलं, आतल्या चाकानं समजा 200 न्यूटनमीटरच पेलले, तर बाहेरच्यालाही 200च भेटतात, त्याची पकड कितीही असो. शेतात ट्रॅक्टरचं एक चाक काळ्या मातीत बसलं की हेच होते. तिथं आपण पायाजवळचा डिफ लॉक दाबतो अन् दोन्ही चाकं एक होतात. पण लॉक दाबून कोणी ट्रॅक्टर वळवत नाही, कारण वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागते. तुह्या गाडीला नेमका वळतानाच लॉक पाहिजे. एलएसडी त्यासाठीच आहे.

गिअरवाल्याचं गणित गुणाकाराचं. टॉर्सेन या गिअरवाल्या डिफचं मूळ पेटंट ग्लीझमन या अमेरिकी माणसाचं, 1958 चं. क्वेफही त्याच जातीचं. समजा गुणोत्तर 2.5 आहे. आतल्या चाकानं 200 पेलले तर बाहेरच्याला 500 पर्यंत जाऊ शकतात. चाक हवेत उचललं तर मात्र शून्य गुणिले 2.5, म्हणजे शून्यच. पण तुह्या गाडीत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक्स आहेच. तिनं थोडा जरी ब्रेक लावला तरी गिअरवाल्याला गुणायला काहीतरी भेटते. दोघांचं चांगलं जमते.

प्लेटवाल्यात आधीपासून दाब दिलेला असते, म्हणून चाक उचललं तरी काही ना काही जोर दुसरीकडे जाते. 1-वे फक्त ॲक्सिलरेटर दिल्यावर आवळते, 2-वे पाय काढल्यावरही तितकंच, 1.5-वे पाय काढल्यावर कमी. चिखलदऱ्याहून ओल्या रस्त्यानं उतरताना पाय काढला अन् डिफ आवळलं, तर गाडीचं नाक वळायचं सोडून सरळ जाऊ पाहते. समोर धुकं, त्यात एसटी वर येऊन राहिली. ट्रॅकवर ते सांभाळता येते, घाटात मला ते नको वाटते. शिवाय प्लेटा झिजतात, डिफ पुन्हा खोलावं लागते, तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण सांभाळणारं मिश्रण) टाकावं लागते. रोजच्या वापराला माझं मत स्पष्ट आहे: गिअरवालं घे.

एम3 चं डिफ सरळ बसत नाही. खुद्द एम3 मध्येच मॅन्युअलला 3.85 अन् डबल क्लचला 3.15 असे दोन रेशो (क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे) आले. तुह्या डिफवरच्या टॅगचा आकडा वेगळा निघाला तर गिअरबॉक्स अन् इंजिनचं सगळं गणित हलते. ॲक्सलचे फ्लँजही (जिथं ॲक्सल डिफला बोल्टानं जोडतात ती चकती) जुळवावे लागतात. त्यातलं लॉक प्लेटा अन् सिलिकॉन तेलाच्या पंपावर चालते, आणि जुन्या डिफमधलं ते तेल किती दमाचं उरलं हे बाहेरून कळत नाही.

हिंगणघाटच्या भाऊंची तपासणी बरोबर आहे, फक्त एक ध्यानात ठेवा. आधीचा दाब नसलेलं गिअरवालं डिफही हातानं फिरवलं की ओपनसारखंच उलटं फिरते. कोण्या जुन्या मालकानं टाकलं असलं तर या तपासणीत सापडणार नाही.

आता खरं काम. लोक ब्रँडवर भांडतात, पण डिफ रडते ते सेटिंगमुळं. टेल पिनियन (तोच छोटा गिअर) हाउसिंगमध्ये तसाच राहते म्हणून त्याची खोली बदलत नाही. पण नव्या एलएसडीवर क्राऊन चढला की तो डावी-उजवीकडे नेमका कुठं बसला हे पुन्हा ठरवावं लागते. डायल गेज क्राऊनच्या दातावर लावायचा, पिनियन घट्ट धरायचा अन् क्राऊन हलवून प्ले (दातांमधली ढिलाई) मोजायचा. हा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासचा खेळ आहे, आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधलाच धरायचा. एकाच जागी मोजून भागत नाही, क्राऊन फिरवून चार ठिकाणी पाहायचं.

मग दाताला मार्किंगचा रंग लावायचा, क्राऊनला हातानं थोडा अडवून धरत दोन्ही दिशेनं फिरवायचा. ठसा दाताच्या मधोमध, लांबट, कडा सोडून आला पाहिजे. क्राऊन पिनियनच्या फार जवळ गेला तर प्ले कमी होते अन् ठसा दाताच्या आतल्या टोकाकडं सरकते. तेव्हा बाजूची शिम (जाडी जुळवायची पातळ चकती) बदलून पुन्हा बांधायचं, पुन्हा रंग लावायचा. अर्धा दिवस यात गेला तरी चालते. तो ठसा मनासारखा आला की मला फार समाधान वाटते. ज्या मिस्त्रीकडं डायल गेज नाही त्याच्या हाती हे डिफ देऊ नको, तो माणूस कितीही चांगला असो.

एक मोठी अडचण आधीच पाहून घे. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच नव्या डिफमध्ये क्राऊन बोल्टानं नाही, लेझर वेल्डिंगनं बसवलेला असते. तसं असलं तर तो लेथवर कापून काढावा लागते किंवा बोल्टवाला क्राऊन-पिनियन सेट घ्यावा लागते, अन् सेट बदलला तर पिनियनची खोलीही नव्यानं लावावी लागते. खर्च तिथं वाढते. डिफचा नंबर विक्रेत्याला कळव, वेल्डचं की बोल्टचं ते विचार, मगच पैसे भर.

अन् टायर कोणते आहेत?

संत्रापट्टा
मिस्त्रीसाहेब, मनापासून आभार. आता जाऊन पाहिलं. मागचे टायर रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे) आहेत, बाजूवर 1117 लिहिलं आहे. नक्षी अजून बरीच शिल्लक दिसते.

दारव्ह्याचा मिस्त्री
1117 म्हणजे 2017 चा अकरावा आठवडा. भाऊ, नक्षी पाहू नको, रबर आपल्या उन्हात कडक झालं आहे. ते ओल्या रस्त्याला धरतच नाही, अन् रनफ्लॅटची बाजू तशीही ताठ असते. आधी मागचे दोन्ही टायर चांगल्या कंपनीचे घे. साधे घेतले तर पुढचेही साधेच घे, अन् पंक्चर किट डिकीत ठेव, कारण या गाडीत स्टेपनी नाही. मग एकदा चिखलदरा करून ये. मला वाटते अर्धी तक्रार तिथंच कमी होईल. उरलेल्या अर्ध्यासाठी एलएसडी टाकूच.

संत्रापट्टा
ठीक आहे, टायर आधी. गिअरवाल्याला तेल कोणतं?

दारव्ह्याचा मिस्त्री
बनवणारा सांगेल तेच, बहुतेक जीएल-5 दर्जाचं (गिअर तेलाचा एक दर्जा) सिंथेटिक. फ्रिक्शन मॉडिफायर यात नको, ते प्लेटांसाठी असते. पहिलं तेल लवकर काढून टाकजो, चुंबकाच्या बोल्टावर बारीक चुरा दिसेल तो चालते, कण्या दिसल्या तर गाडी थांबवून मला फोटो पाठव. आणि डिफ बोल्टवालं निघालं तर क्राऊनचे बोल्ट नवेच मागव, जुने परत लावू नको.